काका गिऱ्हाईक असताना

काकांनी तिसऱ्यांदा ऑर्डर रद्द केली, तेव्हा धाकटीच्या दाताखाली पेनाच्या टोपणाचे दोन तुकडे झाले.

"दर परवडत नाही," काका म्हणाले. "वर माल वेळेवर मिळेल याची खात्री नाही. मी दुसरीकडे बघतो."

"काका, तुम्ही या कंपनीचे संचालक आहात."

"सध्या नाही." काकांनी हात मागे नेऊन खुर्चीच्या पाठीवर टकटक केलं. पाठीवर पांढऱ्या रंगात 'गिऱ्हाईक' असं लिहिलेलं होतं.

ही सगळी आजोबांची करणी. बिजागऱ्यांचा कारखाना नीट चालायला लागल्यावर आजोबांच्या लक्षात आलं, की संचालकांच्या बैठकीत घरातला प्रत्येक जण आपली गाडी, आपली खोली आणि आपल्या मेव्हण्याची नोकरी यांपलीकडे बोलतच नाही. तेव्हा त्यांनी एक रंगारी बोलावला आणि चार खुर्च्यांच्या पाठींवर चार शब्द काढून घेतले : कामगार, गिऱ्हाईक, शेजारी, बँक. जो ज्या खुर्चीत बसेल त्याने त्या माणसाच्या बाजूने बोलायचं, आणि दर बैठकीला खुर्ची बदलायची. आजोबा होते तोवर हे ठीक चाललं. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत आत्याला खिडकीजवळची जागा आवडली, काकांना पंख्याखालची, आणि आप्पांच्या कंबरेला 'कामगार'ची पाठ तेवढी मानवली. तेव्हापासून कोणी हललं नव्हतं.

इतकी वर्षं एका जागी बसून माणसं लोणच्यासारखी मुरली होती. आत्या कारखान्याच्या गल्लीत आयुष्यात एक दिवसही राहिली नव्हती, पण गल्लीबद्दल बोलताना 'आमच्याकडे' म्हणायची. आप्पांनी, म्हणजे धाकटीच्या वडिलांनी, कंपनीच्या अध्यक्षांना दोनदा संपाची नोटीस दिली होती. अध्यक्ष तेच असल्यामुळे पोचही त्यांनीच दिली होती. दुसऱ्या वेळी बोलणी फिसकटली होती.

धाकटी तीन महिन्यांपूर्वी व्यवस्थापकीय संचालक झाली, तेव्हा जी खुर्ची उरली होती ती तिला मिळाली. बँक. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता.

"परत पहिल्यापासून सांगते," धाकटी म्हणाली. "फर्निचरवाल्यांना दुप्पट बिजागऱ्या हव्यात. त्यासाठी मोठी प्रेस रात्रीही चालवावी लागेल. हो किंवा नाही, ते आज सांगायचंय. त्यांचा खरेदीवाला सकाळपासून खाली बसलाय. नाही म्हटलं तर तो सगळंच काम दुसऱ्याला देणार, आणि आपली प्रेस आठवड्यातले तीन दिवस बंद. मी प्रेसवरच्या लोकांना शब्द दिलाय, की काम कमी होणार नाही."

तिने तो शब्द दिला तेव्हा तिला वाटलं होतं, की संचालक मंडळ म्हणजे चार माणसं. मोजायला बसल्यावर तिथे आठ निघाली होती.

"बँकेने शब्द द्यायची काही गरज नव्हती," आप्पा म्हणाले.

"मी बँक नाहीये, आप्पा."

"मग त्या खुर्चीत काय करतेयस?" काकांनी विचारलं.

"आमच्याकडे रात्री म्हातारी माणसं असतात," आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तान्ही बाळं असतात. धाड धाड करून प्रेस चालवलीत तर आम्ही काय करायचं?"

"बरोबर आहे शेजाऱ्यांचं," आप्पा मायेने म्हणाले. "आणि आम्हालाही रात्रपाळी नको. लादलीत तर आम्ही गेटवर बसू."

"आम्ही चहा आणून देऊ हो तुम्हाला," आत्या म्हणाली.

धाकटी दोघांकडे बघत राहिली. घराच्या गच्चीवरून झालेल्या भांडणापासून आप्पा आणि आत्या एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. घरात मीठ हवं असलं तरी निरोप कामवालीकरवी जायचा. पण कामगार आणि शेजारी यांची जुनी मैत्री होती. बैठकीत ते एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायचे.

"आणि कंपनीचं काय?" धाकटीने विचारलं. "कंपनीच्या बाजूने कोण बोलणार?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी खुर्च्यांकडे पाहिलं.

"तशी खुर्ची नाही," काका शेवटी म्हणाले.

"आजोबांनी केलीच नाही," आत्या म्हणाली. "काहीतरी विचार असेल त्यामागे."

"रंग संपला असेल," धाकटी म्हणाली आणि उठली.

"कुठे निघालीस? बैठक चालू आहे!"

"खरी माणसं आणायला."

खरी माणसं शोधायला फार लांब जावं लागलं नाही. खरेदीवाला स्वागतकक्षात कंपनीचं माहितीपत्रक तिसऱ्यांदा वाचत होता. मोठी प्रेस चालवणारी बाई प्रेस दुसरीच्या हाती देऊन जेवायला सुटली होती आणि हात धूत होती. तिला सगळे प्रेसवाली म्हणत, तीही स्वतःला तेच म्हणायची. आणि शेजारी तर गेटवर उभीच होती. प्रेसच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या घरात एक बाई शिकवण्या घ्यायच्या. त्या रखवालदाराशी हुज्जत घालत होत्या.

"दर आठवड्याला येते मी," बाई धाकटीला म्हणाल्या. "दर आठवड्याला हा मला सांगतो, की शेजाऱ्यांची बाजू वर मंडळात मांडली जातेय, तुम्ही काळजी करू नका. कोण मांडतंय माझी बाजू?"

"माझी आत्या."

"त्या कुठे राहतात?"

"तुम्ही वर चला," धाकटी म्हणाली.

तिघं वर आले आणि उभे राहिले, कारण बसायला जागा नव्हती. धाकटीने सगळ्यांची ओळख करून दिली. आपण काय विचारतोय तेही सांगितलं. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं. ते जेमतेम मिनिटभर टिकलं.

"आधी मला एक विचारायचंय," खरेदीवाला म्हणाला. "परवा आमच्याकडे पलीकडच्या वसाहतीतल्या बिजागरीवाल्यांचा फोन आला. ते म्हणतात, तुम्ही मोठी ऑर्डर काढताय असं कळलं, आम्हाला का विचारलं नाही? आमच्या साहेबांनी माझी हजेरी घेतली. ही ऑर्डर मी आणि तुम्ही, एवढ्यांतच होती. म्हणून तर आज उत्तर पाहिजे म्हणून मला इथे बसवलंय. नाहीतर महिनाभर थांबलो असतो मी. त्यांना सांगितलं कोणी?"

धाकटीने पंख्याखालच्या खुर्चीकडे पाहिलं.

"काका," धाकटी म्हणाली.

"मी दर विचारला फक्त."

"कोणाला?"

"त्यांना. पलीकडच्यांना." काका ताठ बसले. "गिऱ्हाईक चार ठिकाणी चौकशी करतं. न करता घेतलं तर ते कसलं गिऱ्हाईक? मी फोन केला, किती नग हवेत ते सांगितलं, कधीपर्यंत हवेत ते सांगितलं. ते म्हणाले, एवढ्या बिजागऱ्या तर फक्त फर्निचरवाल्यांनाच लागतात. मी म्हटलं, हो, बरोबर. खोटं कशाला बोलायचं?"

"तुम्ही आपली ऑर्डर आपल्या स्पर्धकाला सांगितलीत?"

"तुझी ऑर्डर असेल. माझी खरेदी होती."

धाकटीने कपाळ भिंतीला लावलं. भिंत गार होती. खालच्या प्रेसचा प्रत्येक ठोका तिच्यातून थेट कपाळात येत होता.

"आणि त्यांचा दर कमी आहे," काकांनी खरेदीवाल्याकडे वळून सांगितलं. "तुम्ही यांच्याकडे सूट मागा. पाच टक्के तरी मागा."

"आम्हाला यांचा दर चालतो," खरेदीवाला म्हणाला.

"तुम्हाला चालत असेल हो. गिऱ्हाइकाला चालत नाही."

"गिऱ्हाईक मीच आहे!"

"तुम्ही नोकरीला आहात," काका समजावणीच्या सुरात म्हणाले. "उद्या दुसरीकडे लागाल. मी अकरा वर्षं गिऱ्हाईक आहे."

खरेदीवाल्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान हलवली. त्या मान हलवण्यात 'माफ करा' होतं आणि 'मी तर यांच्याच घरात वाढले' हेही होतं.

"बाई, तुम्ही सांगा," ती म्हणाली.

"रात्रीचं मला फारसं काही नाही," शिकवणीच्या बाई म्हणाल्या. "मी कानात कापूस घालून झोपते. मुख्य म्हणजे संध्याकाळी—"

"असं कसं?" आत्या खुर्चीत पुढे सरकली. "रात्रीचा केवढा त्रास होतो आपल्याला!"

"आपल्याला?"

"तान्ही बाळं आहेत. म्हातारी माणसं आहेत."

"आमच्या इमारतीत तान्हं बाळ नाहीये. होतं, ते आता कॉलेजात जातं."

"एका इमारतीवरून तुम्ही अख्ख्या गल्लीबद्दल बोलू नका," आत्या म्हणाली. "तुम्ही एका घरातल्या. मला सगळ्यांचं बघावं लागतं."

"अहो, पण मी तिथे राहते!"

"म्हणूनच तुम्हाला लांबून दिसत नाही."

बाईंनी पर्स छातीशी धरली. धाकटीला वाटलं, आता या निघून जाणार, आणि त्यात काहीच चुकीचं नाही. पण बाई शिक्षिका होत्या. वर्ग सोडून जायची त्यांना सवय नव्हती.

"मला बोलू द्याल?" त्यांनी ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजावर आत्याने नकळत हाताची घडी घातली. "संध्याकाळी सहा ते नऊ मी शिकवण्या घेते. माझं घर त्यावरच चालतं. आत्ता प्रेस सहाला बंद होते, म्हणून मुलं येतात. दिवसा कितीही ठोका. रात्री ठोका, इमारतीतले बाकीचे शिव्या घालतील ते तुम्ही बघा. पण संध्याकाळी प्रेस चालली तर माझी मुलं दुसरीकडे जातील. एवढंच सांगायचं होतं मला. गेलं वर्षभर."

"झालं तर!" काका म्हणाले. "रात्रपाळी. शेजारी तयार आहेत."

"शेजारी तयार नाहीत!" आत्या म्हणाली. "या तयार आहेत."

"आणि कामगार मुळीच तयार नाहीत," आप्पांनी टेबलावर मूठ आपटली. "आम्ही संपावर जाऊ!"

"कशाला, साहेब?" प्रेसवालीने विचारलं. ती दाराजवळ ओले हात झटकत उभी होती.

"हक्कांसाठी."

"कोणत्या?"

"तू गप्प बस, तुला कळत नाही. तुझ्याच भल्याचं बोलतोय मी."

"आप्पा, तिला बोलू दे ना!" धाकटी ओरडली. घरात ती आप्पांना 'तुम्ही' म्हणायची. आता जीभ घसरली ती घसरली, आणि आश्चर्य म्हणजे आप्पांनीही ते मनावर घेतलं नाही. कामगाराला अरे-तुरेची सवय असते असं त्यांचं मत होतं.

"रात्री मला झोप येते," प्रेसवाली म्हणाली. "सगळ्यांनाच येते. पलीकडच्या वसाहतीत रात्रपाळी करून आलेय मी. पहाटे पहाटे डोळा लागतो. प्रेसवर डोळा लागला की बोटं जातात. तिथे दोघांची गेली. म्हणून रात्रपाळी नको. पण ऑर्डर सोडून तीन दिवस घरी बसवणार असाल तर तेही नको, तेवढ्यात भागत नाही. संध्याकाळी दहापर्यंत दुसरी पाळी लावली तर माणसं मिळतील. माझी जाऊ तयार आहे, बाकीच्यांनाही विचारलंय मी." मग तिने बाईंकडे पाहिलं. "तुमच्या शिकवण्या फक्त संध्याकाळीच असतात हे मला माहीत नव्हतं, बाई. माझी पोरगी तुमच्याकडेच येते ना. मला वाटलं होतं, तुम्ही दुपारी पण घेता."

"दुपारी शाळा असते मुलांना," बाई म्हणाल्या.

धाकटीला इतका वेळ एक आशा होती. खरी माणसं वर आणली, की या तिघांच्या डोक्यातली खोटी माणसं पळून जातील आणि उत्तर आपोआप टेबलावर येऊन पडेल, अशी. खरी माणसं आली. खोटी हललीही नाहीत. आणि खऱ्यांचंही एकमेकांशी जुळत नव्हतं. रात्र म्हणावं तर बोटं जातात. संध्याकाळ म्हणावं तर शिकवणी जाते. नाही म्हणावं तर तिचा शब्द जातो, आणि शब्दाबरोबर आठवड्यातले तीन दिवस.

"एक सुचलंय!" आत्या एकदम म्हणाली. "बाईंनी मुलांना इथे आणावं. या खोलीत. संध्याकाळी ही रिकामीच असते."

खालून प्रेसचा ठोका आला. टेबलावरच्या कपबश्यांनी त्याला साथ दिली. ही खोली मोठ्या प्रेसच्या बरोबर डोक्यावर होती.

"इथे?" बाई म्हणाल्या.

"मनात आलं ते बोलले," आत्या म्हणाली.

"दीडपट माल दिलात तरी आमचं चालेल," खरेदीवाला घड्याळ बघत म्हणाला. "दोन पाळ्यांत तेवढा निघेल ना? उरलेला आम्ही त्या पलीकडच्यांकडून घेऊ. आमच्या साहेबांना आता ते आवडलंच आहे. म्हणतात, एकाच्याच भरवशावर कशाला राहायचं?"

म्हणजे काकांच्या फोनने पलीकडच्यांचा पाय फर्निचरवाल्यांच्या दारात अडकला होता, तो आता निघायचा नव्हता. काकांनी समाधानाने मान डोलवली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे उत्तमच झालं होतं.

"आता माझं ऐका," धाकटी म्हणाली. ती बँकेच्या खुर्चीकडे गेली नाही. "दुसरी पाळी, दहापर्यंत. रात्रपाळी नाही. दीडपट माल. प्रेस बाईंच्या भिंतीपासून उचलून पलीकडच्या भिंतीला न्यायची."

"त्याला पाया खणावा लागेल," आप्पा म्हणाले.

"खणू. सहा महिने लागतील. तोवर बाईंचं नुकसान होणार. ते आपण करतोय, आपल्याला ठाऊक असून करतोय. ते असं काही लिहायचं नाही, की सर्व संबंधितांचा विचार करून वगैरे. बाईंचं नुकसान करून, असं लिहायचं."

"असं कोणी लिहितं का?" काका म्हणाले.

"मग काय करायचं? अजून अकरा वर्षं बसायचं? आपल्याला इथे दुसऱ्यासारखं बोलायला नाही बसवलेलं, काका. दुसऱ्याचं ऐकून ठरवायला बसवलंय. ऐकायची तर आपण कधी तसदीच घेतली नाही. नाटक मात्र इतकं रंगलं, की त्या नाटकाने कंपनीची ऑर्डर फोडली! माझं मत दिलं मी. तुम्ही द्या."

"मिळतंय ते घेतो," काका म्हणाले. "माझी संमती. पण दराबाबत नाराजी नोंदवा."

"मी विरोधात," आत्या म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती बाईंकडे बघत होती, आणि बहुधा पहिल्यांदाच तिला समोर एक शेजारी दिसत होती. "शिकवणी बुडेल हिची. बाळं नसतील तर नसोत. मी विरोधात."

"थँक्यू," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाही त्याचं नवल वाटलं.

राहिले आप्पा.

"कामगारांचं म्हणणं असं आहे की—"

"कामगार दारात उभी आहे, आप्पा. तिचं म्हणणं तिने सांगितलं. तुमचं काय?"

आप्पांनी प्रेसवालीकडे पाहिलं, जणू ती काही सुचवेल. प्रेसवालीने नम्रपणे छताकडे पाहिलं.

"मला जरा वेळ दे," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "मला कोणी बरीच वर्षं विचारलेलं नाही."

कोणी हसलं नाही. काकांनी चहाचा कप उचलला, तो रिकामा निघाला, आणि तरी ते त्यातून प्यायले. आत्याने गच्चीच्या भांडणानंतर पहिल्यांदा, शेजारी म्हणून नव्हे तर बहीण म्हणून, तोंड उघडलं.

"बोल ना रे दादा. कोणी खात नाही तुला."

"रात्रपाळी नको," आप्पा म्हणाले. "माझ्या कारखान्यात कोणाची बोटं जायला नकोत. मी गेलो तर माझ्यामागे लोकांनी तेवढं एक तरी चांगलं बोलावं. आणि ऑर्डरही सोडवत नाही मला. मी हावरट आहे थोडा." ते थांबले. "दुसरी पाळी. पाया खणायला काढा. बाई, तुमच्याकडे मला बघवत नाहीये, पण माझं मत हेच आहे."

खरेदीवाला सुटल्यासारखा जिना उतरून गेला. प्रेसवाली जावेला फोन करायला गेली. बाई मात्र उभ्याच होत्या.

"म्हणजे तुम्ही माझं ऐकलंत," त्या धाकटीला म्हणाल्या.

"हो."

"आणि तरी."

"आणि तरी."

"नुकसानभरपाई वगैरे देणार असाल तर—"

"ते बोलूच आपण. मुलं किती कमी होतात ते बघून—"

"ते बघायला तुम्ही या," बाई म्हणाल्या. "आत्याबाईंना पाठवू नका. तुम्ही स्वतः या."

दुसरी पाळी सुरू झाली त्या संध्याकाळी धाकटी गेली. तिने खरं तर दहा मिनिटं बसून निघायचं ठरवलं होतं. बाईंनी दार उघडलं, पाणी विचारलं नाही, आणि भिंतीशी एक स्टूल ठेवून तिला त्यावर बसवलं. खोलीत सतरंजीवर मुलं दाटीने बसली होती. एका बाजूची सतरंजी रिकामी होती, तिथे कोण बसायचं हे विचारायची धाकटीची हिंमत झाली नाही.

बाई गणित समजावत होत्या. एक वाक्य, मग ठोका. अर्धं वाक्य, मग ठोका. कपाटातल्या काचेच्या पेल्यांची किणकिण थांबेपर्यंत बाई थांबत, आणि पेले थांबले की पुढचा ठोका येई. मागच्या मुलांना ऐकू यावं म्हणून बाईंनी आवाज चढवला, मग अजून चढवला. पुढच्या रांगेतल्या मुलींनी कानांवर हात ठेवले, ठोक्यामुळे की बाईंच्या आवाजामुळे, ते त्यांना सांगता आलं नसतं. धाकटीच्या पाठीला टेकलेली भिंत एखाद्या मोठ्या जनावरासारखी दचकत होती.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने वहीवरून मान वर केली. तिची आई भिंतीपलीकडे प्रेसवर होती, हे धाकटीला नंतर कळलं.

"बाई, या कोण आहेत?"

बाईंनी खडू खाली ठेवला. ठोका येऊन गेला. पेले शांत झाले.

"हा आवाज यांचा आहे," बाई म्हणाल्या.

सगळी मुलं वळून धाकटीकडे बघायला लागली. ती उठली नाही. शिकवणी नऊला सुटायची होती.